आधी उजेड, मग हात



मागच्या व्याख्यानाचा विषय ‘संशय’ हा होता. ते संपल्यावर एक तरुण भेटायला आला. व्यापारी घरातला मुलगा. उदगीर-निलंग्याकडून रात्री उशिरा रोकड घेऊन परत यावं लागतं, म्हणून पिस्तुलाचा परवाना काढलेला. म्हणाला, “सर, पिस्तुलाच्या नळीखाली लावायची बॅटरी घ्यायची आहे. कोणती भरवशाची?” आजूबाजूचे लोक हसले. तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरला कोणी बॅटरी विचारतं का? आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, की हा प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा मुळीच नव्हता. हातात शस्त्र आहे, समोर अंधार आहे आणि अंधारात काहीतरी हललं. संशयाची याहून खरी परीक्षा कुठली?

आम्ही काही बंदूकवाले नाही. म्हणून महिनाभर वाचलं, सैन्यातून निवृत्त झालेल्या जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो. पिस्तूल आपल्यापैकी फार थोड्यांकडे असेल. पण रात्री पाणी द्यायला जाताना एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी असतेच की नाही? मग हे व्याख्यान तुमचंही आहे.

एक गंमत बघा. आपल्या दर्शनांमध्ये चुकीच्या ज्ञानाची जी उदाहरणं येतात, ती बहुतेक कमी उजेडातली आहेत. वेदान्ती म्हणतो, अंधारात दोरी पडली होती, ती साप वाटली. गौडपादाचार्यांच्या कारिकांत हा दृष्टान्त आहे, पुढे शंकराचार्यांनी तो फार वापरला. नैयायिक म्हणतो, तिन्हीसांजेला लांब काहीतरी उभं दिसतं. तो खुंट आहे की माणूस? याला त्यांनी संशय म्हटलं. वेदान्त्याचा मनुष्य फसला, कारण त्याने निश्चय घाईने केला. नैयायिकाचा मनुष्य अडखळला, कारण निश्चय करायला पुरेसं दिसलंच नाही. दोघांनाही हवा होता दिवा.

आणि दशरथ आठवा. पावसाळ्यातली रात्र, शरयूचा काठ. पाण्यात भांडं बुडल्याचा आवाज आला. राजाला वाटलं, हत्ती पाणी पितोय. शब्दवेधी बाण सोडला. नेम अचूक होता, म्हणून तर श्रावणबाळ मेला! नेम चुकला असता तर वाचला असता. चांगलं शस्त्र आणि चांगला हात असूनही, समोर कोण आहे हे ठाऊक नसेल, तर कौशल्याने अनर्थच वाढतो.

आता पिस्तुलाच्या बॅटरीकडे येऊ. तिचं काम एकच: समोर कोण आहे आणि त्याच्या हातात काय आहे, हे कळणं. लोकांना वाटतं, ती नेम धरायला असते. तसं नाही. ती ओळखायला असते. पण तिच्यात एक मोठी खोट आहे आणि ती कितीही महागडी बॅटरी घेतली तरी जात नाही. उजेड जिकडे, तिकडे नळी. बंदुकीचा पहिला नियम असा, की ज्याच्यावर गोळी झाडायची तयारी नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. बॅटरी नळीखाली बसवली की बघण्यासाठीसुद्धा नळी वळवावी लागते. मागच्या दारी खुडबुड झाली, तुम्ही उजेड टाकला आणि तिथे पाणी प्यायला उठलेली तुमची आई असेल, तर तुम्ही तुमच्या आईवर पिस्तूल रोखलेलं आहे.

म्हणून जाणकार सांगतात, की शोधायला हातातली बॅटरी वेगळी हवी. शस्त्रावरची बॅटरी दुसरी. शस्त्र काढणं अटळ झाल्यावरच तिचं काम सुरू होतं. ज्याला एकच घ्यायची ऐपत आहे, त्याने हातातली घ्यावी. शिवाय आपल्याकडच्या आयुध निर्माणीच्या .३२ बोअर रिव्हॉल्व्हरला खाली बॅटरी बसवायची खाचपट्टीच नसते. जुगाड करून, चिकटपट्टीने बांधून बॅटरी लावू नका. पट्टी असलेलं पिस्तूल असेल, तर काहीही बसवण्याआधी ज्या कार्यालयाने परवाना दिला तिथे विचारा. १९५९ चा शस्त्र कायदा काही चेष्टेचा विषय नाही.

बटणाचंही पाहा. शस्त्रावरच्या बॅटरीचं बटण चापाच्या अगदी जवळ येतं. बटण दाबायला गेलेल्या हाताने चाप ओढला गेल्याच्या घटना अमेरिकेत पोलिसांच्या हातून घडल्या आहेत. एक बोट आवळलं की घाबरलेल्या हाताची बाकीची बोटंही आवळतात. म्हणून बटण असं हवं, की चापावरच्या बोटाचा त्याच्याशी संबंध येणार नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबता येईल. आणि साधं हवं: दाबलं की पूर्ण उजेड, सोडलं की अंधार. पाच प्रकारचे उजेड, लुकलुक, लाल-निळं हे जत्रेत ठीक आहे. घाबरलेल्या माणसाला तीन वेळा दाबल्यावर चौथा प्रकार येतो, हे आठवत नसतं.

आता खोक्यावरचे आकडे. दुकानदार सांगतो, “इतके लुमेन!” लुमेन म्हणजे बॅटरीतून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका जागी किती एकवटला आहे, हे सांगणारा आकडा वेगळा. त्याला कँडेला म्हणतात. पाण्याचंच उदाहरण घ्या. मोटारीने तासाला किती पाणी उपसलं हे लुमेन, आणि पाइपाच्या तोंडाशी बोट धरल्यावर धार किती लांब गेली हे कँडेला. पिस्तुलावरच्या दोन नावाजलेल्या बॅटऱ्या बघा. शुअरफायर एक्स ३०० अल्ट्राची १००० लुमेनची आवृत्ती ११,३०० कँडेलाची आहे. स्ट्रीमलाइट टीएलआर-१ एचएल हीसुद्धा १००० लुमेनचीच, पण २०,००० कँडेलाची. लुमेन सारखे असूनही पहिलीचा झोत सुमारे २१३ मीटर जातो, दुसरीचा सुमारे २८३ मीटर.

हे अंतर कसं काढतात? अमेरिकेतल्या बॅटरी उत्पादकांनी २००९ मध्ये एफएल-१ नावाची प्रमाणपद्धती ठरवली. तिच्यात कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करतात. १०,००० चं वर्गमूळ १००, दुप्पट २००. म्हणजे २०० मीटर. सातवीतला पोरगा करील. पण त्या २०० मीटरवर उजेड किती पडतो? पाव लक्स. म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. चांदण्यात कुणीतरी उभं आहे एवढं कळतं. कोण आहे आणि त्याच्या हातात कोयता आहे की छत्री, ते कळत नाही. तो नैयायिकाचा खुंट-की-माणूस तिथेच उभा असतो! म्हणून आमचा साधा ठोकताळा असा: खोक्यावर लिहिलेलं अंतर चारने भागा. तिथे उजेड सोळापट होतो, ४ लक्स. ओळखीचा विश्वास तिथून पुढे धरायचा. १०० मीटर लिहिलं असेल तर २५ मीटर आपले.

जास्त उजेड म्हणजे जास्त चांगला, असंही नाही. घरातल्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर चार-पाच मीटरवरून १००० लुमेनचा झोत मारा, परत येणाऱ्या उजेडाने तुमचेच डोळे दिपतील. घरासाठी कमी चालतो, रानासाठी लांबचा लागतो. आधी आपला अंधार कोणता ते ठरवा, मग बॅटरी घ्या.

दुसरा आकडा वेळेचा. खोक्यावर अमुक तास असं लिहिलेलं असतं. एफएल-१ च्या पद्धतीत तो वेळ उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. शिवाय छोट्या डबीत मोठा उजेड केला की ती तापते. तापली की आतली यंत्रणा उजेड आपोआप उतरवते, पुष्कळदा एक-दोन मिनिटांतच. म्हणजे ‘१००० लुमेन, ३ तास’ हे दोन्ही आकडे खरे असतील, पण ते एकाच वेळी खरे नसतात. हे ऐकून आमच्यातला तर्कशास्त्राचा मास्तर जागा झाला. दोन खरी विधानं शेजारी ठेवून खोटा समज कसा करून द्यायचा, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नव्हतं.

तिसरं सेलचं. चार्जिंगच्या चांगल्या बॅटऱ्यांत १८६५० नावाचा लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. एवढ्या नळकांड्यात आजच्या घडीला साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास एवढीच शक्ती मावते. बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९८०० छापलेलं असतं. शेराच्या मापात तीन शेर कसे मावतील? असा सेल दिसला की दुकानाची पायरी उतरायची. पिस्तुलावरच्या बॅटरीत बहुधा सीआर १२३ नावाचे, चार्ज न होणारे सेल असतात. ते वर्षानुवर्षं पडून राहिले तरी शक्ती टिकवतात. जी वस्तू वर्षभर लागणार नाही आणि लागेल तेव्हा क्षणात लागेल, तिला हाच गुण हवा. घरातल्या जुन्या जस्त-कार्बनच्या सेलला मात्र पाझरायची खोड असते. दोन महिने लागणार नसतील तर काढून ठेवावेत.

आता ‘भरवशाची’ या शब्दाकडे. आपल्याकडे ज्ञानाचं प्रामाण्य कसं ठरतं यावर मोठा वाद झाला. मीमांसक म्हणाले, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. उलट काही निघेपर्यंत मानून चालावं. नैयायिक म्हणाले, नाही. ते बाहेरून तपासावं लागतं. लांब पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली. तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं. बॅटरीच्या बाबतीत आम्ही शंभर टक्के नैयायिक आहोत. खोक्यावरचा मजकूर म्हणजे शब्दप्रमाण, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे जाणत्या आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा. विकणारा आप्त आहे की नाही, हे आधी कसं कळणार?

तेव्हा तपासा. घेतल्यापासून महिनाभर रोज रात्री वापरा. बिघडायच्या वस्तू बऱ्याचदा सुरुवातीलाच बिघडतात. पूर्ण उजेडावर लावून समोर घड्याळ ठेवा, उजेड कधी उतरतो ते लिहून ठेवा. खोक्यावर एक मीटरवरून पडल्याची खात्री दिलेली असेल तर कमरेइतक्या उंचीवरून पाडून बघा. आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर तिने एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं, घागरीत बुडवा. दुकानदाराला आधी सांगून ठेवा, की मी असं करणार आहे. तो तयार झाला तर त्याचा त्या मालावर विश्वास आहे. पिस्तुलावरची असेल तर अधिकृत नेमबाजी केंद्रावर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, ती बसवूनच गोळ्या झाडून बघाव्यात. धक्क्याने बॅटरी सरकते का, विझते का, पिस्तूल अडकतं का? आणि बॅटरीसकट ते जुन्या म्यानात बसतं का, हेही बघावं. बहुधा बसत नाही.

आता देवणीच्या रानात येऊ. शेतीपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना काढली, काम चाललं आहे. पण तोपर्यंत हरभऱ्याला, उसाला पाणी द्यायला रात्री बारा वाजता आखाड्यावरून उठून जाणारा माणूस आहेच. वेदान्त्याला दोरी साप वाटली. आपल्याकडे उलटं होतं. साप ठिबकची नळी वाटतो. मण्यार काळी, नळीही काळी, आणि मण्यार हिंडते ती रात्रीच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. तेव्हा व्यापाऱ्याच्या बॅटरीपेक्षा सालगड्याच्या बॅटरीचा प्रश्न मोठा आहे, असं आमचं मत आहे.

त्याला लांबचा झोत नको. पायापुढे दोन-तीन मीटर, पसरट, डोळे न दिपवणारा, रात्रभर टिकणारा उजेड हवा. शंभर-दीडशे लुमेन पुष्कळ झाले. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा थोडा पिवळसर, रंग खरे दाखवणारा घ्यावा. वाळल्या पाचटात बसलेली घोणस ओळखायची तर तपकिरीतला तपकिरी वेगळा दिसला पाहिजे. कपाळावर बांधायच्या बॅटरीने दोन्ही हात मोकळे राहतात, ही सोय मोठी. पण तिचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, म्हणून वस्तूची सावली आपल्याला दिसत नाही, सगळं सपाट वाटतं. हातातली बॅटरी मांडीजवळ खाली धरली की ढेकळाचीही लांब सावली पडते, आणि नळीची सावली न् सापाची सावली वेगळी कळते. म्हणून दोन्ही असाव्यात. विंचवासाठी अतिनील किरणांची छोटी बॅटरी मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. अंथरूण टाकण्याआधी एकदा फिरवावी. आणि एवढं करूनही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. मण्यारीचा दंश दुखतही नाही पुष्कळदा. दुखत नाही म्हणून झोपून जाऊ नका.

काठीला बॅटरी बांधणारेही आम्ही पाहिलेत. ती पिस्तुलाचीच गोष्ट झाली. बघायला जावं तर काठी उगारली जाते, काठी उगारावी तर उजेड हलतो. डावा हात बघण्याचा, उजवा हात काठीचा, आणि डाव्याने सांगितल्याशिवाय उजव्याने हलायचं नाही.

कायदाही हेच म्हणतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ७९ मध्ये वस्तुस्थितीच्या चुकीला माफी होती, पण ती चूक सद्भावनेने झालेली असली तर. आणि योग्य ती काळजी व लक्ष न देता जे केलं, ते सद्भावनेने केलं असं मानत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तत्त्व तेच राहिलं. १९५८ मध्ये ओडिशात एका ओसाड विमानतळाजवळ, रात्री लुकलुकता उजेड दिसला. तिथे भुतं आहेत असा लोकांचा पक्का समज होता. एका नेपाळी नोकराने कुकरी काढली आणि त्या भुतांवर धावला. ती भुतं म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका होत्या. एक मेली, काही जखमी झाल्या. उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. त्याचा समज प्रामाणिक होता. कायदा म्हणून तो निकाल आम्हाला समजतो. पण ती बाई? उजेड तिच्याच हातात होता, मारणाऱ्याच्या नव्हता.

आमच्यावर तर खटलाही झाला नाही. १९७२ चा दुष्काळ. घरी देवणी बैलांची जोडी होती, कडबा सोन्याच्या मोलाचा, आणि चोऱ्या होत होत्या. आम्ही विशीतले, कॉलेज शिकलेले, गंजीवर राखणीला. मध्यरात्री गंजीआड काहीतरी हललं. हातात दोन सेलची पत्र्याची बॅटरी. सेल कधीचे उतरलेले. आज बदलू, उद्या बदलू म्हणत राहिलो होतो. बटण दाबलं तर बल्बची नुसती तार लाल झाली. त्या लालसर उजेडात एक आकृती दिसली आणि आम्ही कुऱ्हाडीचा दांडा चालवला. ते आमचे थोरले चुलतभाऊ होते, आम्हाला भाकरी घेऊन आले होते. डाव्या कोपराचं हाड मोडलं. ते पुढे चाळीस वर्षं जगले, पण तो हात काही सरळ झाला नाही. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पंगतीत ते द्रोण उजव्या हाताने सरकवायचे, ते आम्ही बघायचो.

त्या वेळी अजिबात दिसलं नसतं तर आम्ही हाक मारली असती, “कोण आहे?” म्हणून. अर्धवट दिसलं, म्हणून वाटलं की कळलं. हे आम्ही पुढे पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. मूळ उदाहरण मात्र कधी सांगितलं नाही. आज सांगितलं.

तेव्हा त्या तरुणाला आमचं उत्तर. हातातली चांगली बॅटरी आधी घे, ती रोज वापर, सेल महिन्याच्या पहिल्या तारखेला तपास. पिस्तुलावरची नंतर बघ. परवानगी असेल आणि शिकलास तरच. आणि या सगळ्याच्या आधी, न सेल लागणारी, न बिघडणारी एक गोष्ट प्रत्येकाकडे आहे. अंधारात काही हललं तर मोठ्याने विचारावं, “कोण आहे?” उत्तरासाठी थोडं थांबावं.